कातीव पेनचे किट: कोणाकडून घ्यावे, कशात काय बसते

बडोद्याच्या अकोटा भागात घराच्या मागच्या खोलीत छोटा लेथ टाकून पेन कातायचे म्हटले, तर निम्मी सोय शहरातच होते. सागाचे तुकडे सुताराकडे पडलेले असतात. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत लेथवर हात बसलेले कारागीर आहेत. पंचेचाळीसेक किलोमीटरवर संखेडा आहे. तिथले खरादी लाकूड कातून त्यावर लाख चढवतात आणि त्यांच्या फर्निचरला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. गाडी अडते ती लाकडाच्या आतबाहेर बसणाऱ्या दहा-बारा सुट्या भागांपाशी: पितळी नळ्या, टोक, मधली कडी, क्लिप, रिफिल पुढेमागे करणारी यंत्रणा. हे भाग एका पाकिटात येतात, त्याला किट म्हणतात. ते कोणाकडून घ्यावे आणि एकाचे किट दुसऱ्याच्या बुशिंगवर किंवा तिसऱ्याच्या रिफिलवर चालते का, यावर पेन कातणाऱ्यांत बरीच वर्षे मतभेद आहेत. त्यांचा आढावा घ्यावा, अशी संपादकांची सूचना होती.

दोन उलट वाटा

अमेरिकेत हा छंद किटचे बोट धरून वाढला. फिलाडेल्फियाची पेन स्टेट इंडस्ट्रीज, युटाहमधल्या प्रोव्होची क्राफ्ट सप्लाइज, ओहायोची बेरिया हार्डवुड्स अशा दुकानांनी किटांचे कॅटलॉग भरून टाकले. १९९९ साली किप ख्रिस्तेन्सेन आणि रेक्स बर्निंगहॅम यांचे ‘टर्निंग पेन्स अँड पेन्सिल्स’ आले, ते लेथवर पेन कातू पाहणाऱ्या हौशी माणसासाठीच होते. तिथला शिकाऊ माणूस आधी ‘स्लिमलाइन’ कातायचा, मग जाड पेनांकडे वळायचा, आणि हात तयार झाला की किट बाजूला ठेवून सगळे भाग स्वतः कातायचा. या शेवटच्या टप्प्याला ‘किटलेस’ म्हणतात.

आपल्याकडे हा क्रम उलटा होता. राजमहेंद्रीचे रत्नम यांनी १९३२च्या सुमारास पेन बनवायला सुरुवात केली. १९३५ साली त्यांचे पेन वर्ध्यात गांधीजींपर्यंत पोचले. ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांचा त्यात हात होता, आणि पेनातला कोणता भाग स्वदेशी, कोणता बाहेरचा, हा प्रश्न तेव्हाही कळीचा होता. चेन्नईची जेम अँड कंपनी, म्हणजे ‘गामा’ पेनवाले, आणि तिरुवळ्ळूरचे रंगा यांचीही हीच रीत. एबोनाइटची कांडी लेथवर धरायची, नळा कातायचा, टोपण कातायचे, आटे पाडायचे, निब बसवायची. किट या शब्दाशी त्यांचा संबंधच आला नाही. मराठी मुलखात पुण्याचा ‘फॉस्फर’ हा याच धाटणीचा अलीकडचा उपक्रम, आणि मुंबईची एअरमेल कंपनी त्याहून जुनी.

म्हणजे अमेरिकेत ज्याला शेवटची पायरी मानतात ती इथे पहिली होती, आणि किट मागाहून आले, तेही परदेशी कॅटलॉगमधून. पुरवठादाराच्या वादातले अर्धेअधिक गैरसमज मला इथेच दिसतात. अमेरिकेतला सल्ला तिथली दुकाने, टपाल आणि परतीची सोय गृहीत धरून दिलेला असतो. तो जसाच्या तसा उचलला की हिशेब चुकतो.

बडोद्याला लेथचे वावडे मात्र कधीच नव्हते. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशाळा काढली, टी. के. गज्जर त्याचे प्रमुख झाले. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा झाले.

मापांचा गुंता

किटाच्या नावावर फार विसंबू नये. ‘स्लिमलाइन’ हे आता कोणा एका कंपनीचे उत्पादन राहिलेले नाही. ७ मिमीच्या दोन नळ्या, मधे एक कडी, क्रॉस पद्धतीची रिफिल, असा तो एक आराखडा आहे आणि तैवान-चीनमधले अनेक कारखाने तो बनवतात. नळीचा बाहेरचा व्यास बहुधा जुळतो. टोकाचा आणि कडीचा व्यास जुळेलच याची हमी नाही. लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथे दोन दशांश मिमीची पायरी राहिली तरी बोटाला ती ताबडतोब लागते. एका परगावच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या एकाच नावाच्या किटांत मला दोन वेगळ्या जाडीच्या कड्या मिळाल्या आहेत. पाकिटावरचा क्रमांक मात्र तोच होता.

इथे बुशिंगचा प्रश्न येतो. बुशिंग म्हणजे मँड्रेलवर, लेथवर लाकूड धरणाऱ्या सळईवर, लाकडाच्या दोन्ही टोकांना बसणारी पोलादी कडी. लाकूड तिच्या मापापर्यंत कातायचे, म्हणजे पुढे बसणारा धातूचा भाग सपाट जुळतो. प्रत्येक किटाचे बुशिंग वेगळे असते आणि दुकाने ते वेगळे विकतात. सावध माणसे बुशिंगला खुणेपुरते वापरतात आणि शेवटचे माप व्हर्निअरने घेतात, तेही त्याच पाकिटातल्या टोकाचे आणि कडीचे. बुशिंग पॉलिश पेपरखाली झिजते, त्यामुळे महिन्याभराने ते स्वतःच खोटे बोलू लागते. मकरपुऱ्यात कोणाही टर्नरकडून नमुना देऊन बुशिंग कातून घेता येते. बडोद्याला हा मोठा आधार आहे आणि त्याचा उपयोग फार कमी लोक करतात.

ड्रिल बिटाबद्दल अकारण भीती आहे. स्लिमलाइनला ७ मिमी लागतो, सिगार किटाला १० मिमी. दोन्ही हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळतात. भीती वाटते ती इंचातल्या मापांची. सिएरा नावाच्या एका नळीच्या किटाला २७/६४ इंच लागतो, म्हणजे १०.७२ मिमी. आपल्याकडे बिट दशांशाच्या पायरीने मिळतात, १०.७चा घेतला तर फरक दोन शतांश मिमीचा पडतो, आणि लाकडात भोक पाडताना बिट त्याहून जास्त डोलतो. बोल्ट अ‍ॅक्शन किटाला ३/८ इंच, म्हणजे ९.५२ मिमी. ९.५च्या भोकात नळी अडली तर ९.६ चालतो, कारण मधली फट गोंद भरतो. परदेशातून बिट मागवण्याची गरज नाही.

मँड्रेलचा टेपर मात्र आधी पाहावा. लाकडाच्या छोट्या लेथला मोर्स टेपर १ किंवा २ असतो. आपल्याकडे अनेक जण धातूचा मिनी लेथ वापरतात. त्यात टेलस्टॉकला २ आणि चकाच्या बाजूला बहुधा ३ असतो. किट विकणारा हे विचारत नाही, मग सुंदर मँड्रेल घरी येतो आणि बसत नाही. शिवाय मँड्रेल जास्त आवळला की मधून वाकतो आणि पेन अंडाकृती होते. म्हणून काही जण मँड्रेलच सोडून दोन टोकांच्या सेंटरमध्ये लाकूड धरतात. त्यासाठी लागणारी बुशिंगे वेगळी, आणि ती किटाबरोबर येत नाहीत.

रिफिल हा मापांच्या गुंत्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पार्कर पद्धतीच्या रिफिलचा आकार आंतरराष्ट्रीय मानकात नोंदलेला आहे, आयएसओ १२७५७ मध्ये, जी२ या नावाने. ती अकोट्याच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळते. क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल मोठ्या पेनच्या दुकानात शोधावी लागते आणि महाग पडते. स्लिमलाइन स्वस्त आणि सोपे म्हणून शिकाऊ लोक त्यापासून सुरुवात करतात, भेट देतात, आणि सहा महिन्यांनी भेट घेणारा काका विचारतो, रिफिल कुठे मिळते? माझे मत असे की इथे राहणाऱ्याने रिफिल आधी निवडावी आणि किट मग.

कोण काय म्हणते

पुरवठादार निवडण्याबद्दल ढोबळमानाने तीन भूमिका आहेत.

पहिली भूमिका एका दुकानाला धरून राहण्याची. किट, बुशिंग, जादा नळ्या, सगळे एकाकडून. सोन्याची छटा दर वेळी सारखी येते, नळी तुटली तर तिचा क्रमांक माहीत असतो, भाग खराब निघाला तर बदलून मिळतो. ही बाजू मांडणारे बहुतेक जण पेन विकणारे आहेत, आणि त्यांचे बरोबर आहे: वीस पेनांच्या ऑर्डरीत दोन रंगांच्या क्लिपा चालत नाहीत. भारतात राहणाऱ्याला या वाटेवर दोन खड्डे लागतात. थोडे किट मागवले तर कुरिअर, सीमाशुल्क आणि हाताळणीचा आकार मिळून खर्च किटाच्या किमतीला गाठतो. आणि खराब भाग अमेरिकेला परत पाठवणे कोणालाच परवडत नाही, म्हणून बदलून देण्याच्या हमीचा इथे उपयोग उरत नाही.

दुसरी भूमिका थेट कारखान्याच्या बाजूने जाण्याची. म्हणणे असे की अमेरिकन दुकानांचा मालही बराचसा पूर्वेकडच्या कारखान्यांतूनच येतो, तैवानची डायाकॉम त्यातली एक. मग मधल्या दुकानाला पैसे का द्यावेत? यात तथ्य आहे. पण त्याच कारखान्यातून निघणारा माल एकाच दर्जाचा असतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. मोठे दुकान मुलाम्याची जाडी आणि तपासणी ठरवून घेते. घाऊक पाकिटात ती असते की नाही हे पाकीट फोडल्यावर कळते. भारतात या वाटेला आणखी एक धक्का बसला. २४ नोव्हेंबर २०२० रोजी सरकारने जी चिनी अ‍ॅप बंद केली त्यांत अलीएक्सप्रेसही होते. चार-पाच किट चाचणीसाठी मागवायची सोपी खिडकी त्या दिवशी बंद झाली. आता माल येतो तो घाऊक आयात करणाऱ्यांमार्फत किंवा देशी संकेतस्थळांवरच्या विक्रेत्यांकडून, आणि बनवणाऱ्याचे नाव वाटेत गळून पडते.

तिसऱ्या भूमिकेतले लोक म्हणतात, किट घेऊच नका. निब, तिचे घर आणि कन्व्हर्टर तेवढे विकत घ्या, बाकी काता. राजमहेंद्रीपासून तिरुवळ्ळूरपर्यंतची परंपरा त्यांच्या पाठीशी आहे. भाग कमी, म्हणून न जुळणारेही कमी. पण आटे पाडायला वेगळे टॅप आणि डाय लागतात, टोपणासाठी तीन धाग्यांचे आटे हवे असतील तर ते बनवून घ्यावे लागतात, आणि पहिले पेन हातात यायला किटापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. लाकडात तर आटे टिकत नाहीत. आतून एबोनाइट किंवा अ‍ॅक्रिलिकचे अस्तर घालावे लागते.

प्रत्यक्षात पुष्कळ जण तिन्ही थोडी थोडी पाळतात: भेटीच्या पेनांसाठी एका दुकानाचे किट, सरावासाठी स्वस्त पाकिटे, स्वतःसाठी किटविना एखादे.

निबचे घर

किटाच्या फाउंटन पेनात येणाऱ्या निबवर बऱ्याचदा ‘आयरिडियम पॉइंट जर्मनी’ असे कोरलेले असते. त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. हे शब्द चिनी निबवरही सर्रास असतात. जर्मनीतल्या निबसाठी तीन नावे घेतली जातात: बर्लिनची जोवो, हायडेलबर्गची बॉक आणि सेंट जॉर्जनची श्मिट. मोजमाप ५ आणि ६ या क्रमांकांनी सांगतात. छोट्या किटात ५ आणि मोठ्यात ६, असा साधारण प्रघात आहे.

गोंधळ क्रमांकामुळे होतो. ६ क्रमांकाची बॉक आणि ६ क्रमांकाची जोवो यांची पातीच बघितली तर ती एकमेकांच्या जागी घुसवता येतात. पण शाई निबपर्यंत नेणाऱ्या खालच्या फीडचा बाक सारखा नाही. पाते आणि फीड नीट चिकटले नाहीत तर शाई कधी थांबते, कधी वाहते. आणि ज्या घरात हे दोन्ही बसते त्याचे आटे वेगळे आहेत: पिच अर्धा मिमी असला तरी व्यास जुळत नाही. एकासाठी पाडलेल्या भोकात दुसरे अर्धे फिरते आणि अडते, मग जोर लावणाऱ्याचे पेन फुटते. किटातली चिनी निब काढून जोवो बसवतो म्हणणाऱ्याने आधी त्या किटाचा सेक्शन, म्हणजे निबमागचा बोटांनी धरायचा भाग, कोणत्या घरासाठी कातलेला आहे हे विचारून घ्यावे. चांगले विक्रेते हे लिहून देतात. जे देत नाहीत त्यांच्याकडे निबची हौस भागवायला जाऊ नये.

देशी पर्याय कानपूरचा. कानपूर रायटर्सच्या ‘कॅनराइट’ निबा देशातले अनेक पेनकर्ते वापरतात आणि त्या जर्मन निबांच्या तुलनेत फार स्वस्त आहेत. त्यांच्याबद्दल मत विभागलेले आहे. लवचीक निबा आवडणारे त्यांचे कौतुक करतात. एकसारखेपणा मागणारे म्हणतात की प्रत्येक निब भिंगाखाली तपासून, थोडी घासून मगच बसवावी लागते. दोन्ही खरे असावे. कन्व्हर्टरमध्ये मात्र फारसा वाद नाही: श्मिट के५ किंवा तशाच आंतरराष्ट्रीय मापाचा कुठलाही बसतो, आणि बसत नसेल तर ते किट घेऊ नये.

मुलामा आणि लाख

धातूवरचा मुलामा हा पुरवठादाराची पारख करण्याचा सर्वांत अवघड निकष आहे, कारण नवे असताना सगळेच चमकते. २४ कॅरेट सोन्याचा मुलामा पातळ आणि मऊ असतो, रोज वापरात आधी टोकाकडून उडतो. ‘टायटॅनियम गोल्ड’ म्हणून विकतात तो टायटॅनियम नायट्राइडचा थर. त्यात सोने नसतेच, पण तो फार कडक असतो. ऱ्होडियम महाग, क्रोम मध्यम आणि भरवशाचा. मुलाम्याखाली पितळ आहे की जस्ताचे ओतीव मिश्रण, हे कॅटलॉग क्वचितच सांगतात. वजनावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. बडोद्याच्या घामट उन्हाळ्यात खिशात राहणाऱ्या पेनासाठी सोने टाळावे, असे अनुभवी लोक सांगतात आणि त्याला विरोध करणारे मला भेटलेले नाहीत.

लाकडावरच्या लेपाबद्दल मतभेद तीव्र आहेत, आणि इथे बडोद्याच्या माणसाला स्वतःचे काही सांगण्यासारखे आहे. परदेशी पेनकर्ते सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचे थर चढवतात, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचा गोंद. काचेसारखी कठीण चकाकी येते, घाम लागत नाही. ‘फ्रिक्शन पॉलिश’ वापरणारे दुसरे. त्या बाटलीतला मुख्य पदार्थ शेलॅक, म्हणजे लाख. संखेड्याचा आणि सावंतवाडीचा कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने तोच पदार्थ चढवतो, बाटलीत न भरता. कर्नाटकातल्या चन्नपट्टणात त्यावर केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटने विरघळते, हे सायनोअ‍ॅक्रिलेटवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. हातात धरायच्या पेनावर जाड लाख किती वर्षे टिकते, याची पद्धतशीर तुलना अजून व्हायची आहे. दोन्ही बाजू एकेका पेनाच्या अनुभवावर बोलतात.

लाकडाला मात्र पितळी नळी चिकटवताना हवामान विसरता येत नाही. मे महिन्यातल्या कोरड्या झळा आणि ऑगस्टची दमट हवा यांत लाकूड हलते, पितळ त्या मानाने हलत नाही. ओले लाकूड नळीवर चिकटवले तर पुढच्या उन्हाळ्यात त्याला चीर पडते. जुन्या दारा-खिडक्यांचा साग म्हणूनच कॅटलॉगमधल्या चकचकीत ब्लँकपेक्षा, म्हणजे कातायच्या तयार तुकड्यांपेक्षा, बरा.

कायद्याच्या कडा

परदेशी किटांच्या जाहिरातींत हरणाच्या शिंगाचे ब्लँक दिसतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे इथे चितळ-सांबराच्या शिंगाचा व्यापार चालत नाही, गळून पडलेले असले तरी. शिसवी आणि शिसम २०१७ पासून साइटीस या वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२च्या पनामा बैठकीत भारताला हस्तकलेच्या वस्तूंसाठी दिलासा मिळाला आणि नगाला १० किलोपर्यंतच्या शिसमच्या वस्तूंना साइटीस परवान्यातून सूट मिळाली. पेन कितीही जड झाले तरी त्या मर्यादेत बसते. रक्तचंदनाचे पेन मात्र न्यू जर्सीतल्या भाच्याला पाठवण्याआधी वनखात्याचे नियम वाचावेत.

काय सुटलेले नाही

रिफिलला मानक आहे, किटाला नाही. नळीचा व्यास, कडीचा व्यास आणि सेक्शनचे आटे यांचे आराखडे सर्व विक्रेत्यांनी खुले करावेत, ही मागणी जुनी आहे. काही दुकाने बुशिंगांचे तक्ते देतात, कारखाने देत नाहीत. त्यांचे म्हणणे की माप लॉटगणिक बदलते, लिहून दिले तर तक्रारी वाढतील. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण त्याने कातणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. फिरवायची यंत्रणा पाच वर्षांनी बिघडली तर तोच विक्रेता तीच यंत्रणा देईल का? किट बाजारातून गेले की त्याचे भागही जातात आणि लाकूड चांगले असूनही पेन मरते.

तिसऱ्या प्रश्नाकडे इथले लोक अलीकडे वळू लागलेले दिसतात. जामनगर पितळी भागांसाठी देशभर ओळखले जाते. नळी आणि कडी तिथे कातता येते. निब कानपूरची. पार्कर मापाची रिफिल सगळीकडे. दक्षिणेला वलसाड आणि दमणच्या पट्ट्यात तयार पेनांचे मोठे कारखाने आहेत. मग किट इथेच का बनू नये? एक बाजू म्हणते की फिरवायच्या यंत्रणेचा साचा महाग, आणि हौशी खरेदीदार एवढे थोडे की तो खर्च कधी वसूल होणार नाही. दुसरी बाजू म्हणते, यंत्रणा लागतेच कशाला? टोपणाच्या रोलरबॉलला आणि फाउंटन पेनला फिरणारा एकही भाग नाही. दोन नळ्या, एक सेक्शन, एक कडी, क्लिप, निब. तेवढ्याच किटापासून सुरुवात करावी, बॉलपेन मागाहून. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. मात्र सेक्शनचे आटे बॉकला जुळवायचे, जोवोला की कानपूरच्या निबला, हे आधी ठरावे लागेल, आणि त्यावर दुसऱ्या बाजूचेही अजून एकमत नाही.